मानशीपाशी

रायबंदरहून सकाळची फेरी धरून मी चोडणला उतरते.
पिशवीत कागद, दोन पेनं, पाण्याची बाटली,
साठीपुढच्यांची यादी, घर क्रमांकासकट.
पंधरा प्रश्न. उत्तर हो किंवा नाही.
बेरीज पाचाच्या वर गेली तर दवाखान्याची चिठ्ठी.
एवढंच माझं काम, असं मला वाटायचं.

लोक विचारतात, रेशनचं का? पेन्शनचं?
मी म्हणते, मनाचं.
पिएदाद आजी हसली, "मन कसलं गं बाय,
गुडघ्याचं काही असेल तर लिही."
तिच्या मांडीवर करडं मांजर.
"माझं नव्हे. सगुणाने आणून दिलं काल. का ते सांगेना."
हे मी कागदावर लिहिलं नाही. तिथे रकाना नव्हता.

एकेचाळिसावं नाव : सगुण हळर्णकर. अठ्ठ्याहत्तर. एकटे.
बांधाच्या टोकाला घर. बत्तीस वर्षं मानस सांभाळली.

इथे मानस म्हणजे खाजणाच्या बांधातलं लाकडी दार.
भरतीला आपोआप मिटतं, ओहोटीला आपोआप उघडतं,
खाऱ्या पाण्यापासून शेत राखतं.
मी शिकले पणजीत. तिथल्या पुस्तकात
मानस म्हणजे मन.

त्यांनी खुर्ची पुसून दिली.
आयुष्यावर समाधानी आहात?
हो.
कंटाळा येतो?
छे.
आपला आता काही उपयोग नाही असं वाटतं?
"मानशीला आता लोखंडी फळी बसवली, बाय.
माणूस लागत नाही.
पण नाही, असंच लिही."
मी नाही, असंच लिहिलं.
बेरीज दोन.

कागद मिटला. उठले. अकराची फेरी गाठायची होती.
तेव्हा दिसलं :
खुंटीवर एकच सदरा.
कुदळ, कंदील, कुर्ल्या धरायची कोबली
दाराशी नीट बांधून,
प्रत्येकावर चिठ्ठी. हे रुझारला. हे शाणूच्या पोराला.

"कुठे निघालात, मामा?"
"कुठे नाही."

प्रशिक्षणात सांगितलं होतं, थेट विचारा.
विचारल्याने ते कुणाच्या डोक्यात पेरलं जात नाही,
असेल तर बाहेर यायला वाट मिळते.
वहीत मी त्याखाली रेघही ओढली होती.
इथे जीभ टाळ्याला चिकटली.

पुन्हा बसले.
"मामा, जीव द्यायचं मनात येतं का?"

बराच वेळ नुसतं घड्याळ.
"तुला कुणी सांगितलं?"
"मांजराने."
ते हसले की काय झालं कळलं नाही, खांदे तेवढे हलले.

मग बोलले. मी पेन ठेवून दिलं.
अकराची फेरी भोंगा देऊन गेली, नंतर किती गेल्या मोजल्या नाहीत.
म्हणाले, बिजागरीत चिखल बसतो.
वरून दार धड दिसतं,
पण ओहोटी लागली तरी ते उघडत नाही,
आतलं पाणी आतच कुजतं.
कुणीतरी कमरेएवढ्या पाण्यात उतरून
बोटांनी काढायचा तो चिखल.
एकट्याचं काम नव्हे, दुसऱ्याने दार धरावं लागतं.
"तू धरशील?"
"धरते. पण मी एकटी पुरायची नाही, मामा.
आणखी माणसं बोलावू."

त्या रात्री रुझार त्यांच्याकडे झोपायला आला,
कोबली परत घेऊन.
दुसऱ्या दिवशी फेरीतून डॉक्टरकडे, मी सोबत.
गोळ्या सुरू झाल्या. पंधरवडाभर एकच पालुपद,
काही फरक नाही, उगाच तुझा वेळ.
पिएदादने मांजर परत दिलं नाही.
बघायचं तर रोज ये म्हणाली, पेज वाढते.
जातात. भांडतात पेजेत मीठ कमी म्हणून.

महिन्याने तेच पंधरा प्रश्न.
या खेपेला प्रत्येक उत्तराआधी थांबत होते.
बेरीज अकरा.

ऑफिसात मॅडम म्हणाल्या, उपचारानंतर वाढली कशी?
चूक झाली असेल.
झाली होती, मी म्हटलं. आधीच्या वेळी.

आता कागद मिटला की मी लगेच उठत नाही.
खुंट्या बघते. दाराशी काय बांधून ठेवलंय ते बघते.
बेचाळिसावं घर दोनदा गेले, दोनदा बंद.
उद्या पुन्हा जायचंय.